'मॉडर्न वॉरफेअर' का आवडत नाही?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : मित्रांच्या आग्रहावरून आपण 'कॉल ऑफ ड्यूटी' या बंदुकीने लढण्याच्या व्हिडिओ गेम मालिकेतील २००७ चा 'मॉडर्न वॉरफेअर' आणि २००९ चा 'मॉडर्न वॉरफेअर २' हे दोन गेम सेलमध्ये घेतले, दोन्हींची कॅम्पेन, म्हणजे एकट्याने खेळायची कथा, पूर्ण केली, इतरांशी ऑनलाइन लढण्याचे मल्टिप्लेअरही मनापासून खेळून पाहिले, आणि तरीही सगळे ज्याला डोक्यावर घेतात तो खेळ आपल्याला कंटाळवाणा वाटला. दोष आपल्या हातात आहे, आवडीत आहे की गेममध्ये, आणि मालिकेतला नवा भाग घ्यावा की नाही, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे. मी लेव्हल डिझायनर म्हणून काम करतो; खेळाडू कुठून येईल, काय पाहील, कुठे अडेल आणि कुठे मरेल हे ठरवणे हाच माझा व्यवसाय आहे. मलाही ही शाखा आवडत नाही, त्यामुळे हे उत्तर तटस्थ असेल असे आश्वासन देता येणार नाही. पण न आवडण्याची कारणे रचनेत नेमकी कुठे आहेत, हे दाखवता येईल.

रचनेकडे वळण्यापूर्वी शरीराची आणि यंत्राची कारणे बाजूला काढावीत, कारण ती सर्वांत जास्त फसवतात. 'मॉडर्न वॉरफेअर २' मध्ये दृष्टीचा कोन, म्हणजे गेममधले जग पडद्यावर एका वेळी किती रुंद दिसते ते माप, ज्याला खेळणारे एफओव्ही म्हणतात, ६५ अंशांवर बांधून ठेवलेला आहे आणि पीसीवरही तो बदलण्याची अधिकृत सोय नाही. हा आकडा दिवाणखान्यात सोफ्यावर बसून कन्सोलवर, म्हणजे टीव्हीला जोडलेल्या गेमच्या यंत्रावर, खेळणाऱ्याला डोळ्यांपुढे ठेवून आलेला आहे. ४२ इंची टीव्ही अडीच मीटरवरून पाहिला तर तो नजरेचा जेमतेम २० अंशांचा भाग व्यापतो. २४ इंची मॉनिटर टेबलावर ६० सेंटिमीटरवर ठेवला तर तोच हिशेब जवळजवळ ५० अंशांवर जातो. नजरेचा एवढा मोठा भाग व्यापणारे चित्र, त्यात बरीच जागा अडवणारी बंदूक, धावताना हिंदकळणारा कॅमेरा आणि अरुंद कोनामुळे जरा वळताच सर्रकन सरकणारे दृश्य, या सगळ्यामुळे पुष्कळांना थोड्याच वेळात मळमळू लागते, डोके जड होते, आणि पुढे त्यांना आठवतो तो केवळ नकोसेपणा. आपल्याला असे होत असेल, तर तो ना आपल्या आवडीचा दोष आहे, ना गेमच्या आशयाचा. २०२० च्या 'ब्लॅक ऑप्स कोल्ड वॉर'पासून कन्सोलवरही हा कोन वाढवण्याची सोय आली. तो ९० ते १०० च्या आसपास नेऊन पाहावा.

दुसरे कारण नेटवर्कचे. २००९ च्या गेमने पीसीवरचे स्वतंत्र सर्व्हर, म्हणजे फक्त सामने चालवणारी वेगळी यंत्रे, काढून टाकले आणि खेळणाऱ्यांपैकीच एकाच्या यंत्राला यजमान करण्याची पद्धत आणली. ज्याचे यंत्र यजमान त्याला विलंब शून्य, आणि समुद्रापलीकडून जोडलेल्याला तो सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही अधिक. ज्या खेळात एके-४७ च्या तीन गोळ्यांत माणूस पडतो, तिथे एवढा विलंब म्हणजे भिंतीआड पोहोचल्यानंतर मरणे होय. भारतातून खेळणाऱ्या अनेकांनी या गेमवर काढलेला राग खरे तर या व्यवस्थेवरचा आहे.

ही दोन्ही कारणे वगळूनही नावड शिल्लक राहत असेल, तर मग गेमकडे पाहू. आणि आधी त्याने काय उत्तम केले तेही नोंदवले पाहिजे. 'इन्फिनिटी वॉर्ड' या स्टुडिओने २००३ मध्ये पहिला 'कॉल ऑफ ड्यूटी' 'क्वेक ३' या आधीच्या गेमच्या इंजिनावर, म्हणजे त्याच्या मूळ सॉफ्टवेअरवर, उभा केला, आणि त्या वारशातली चपळाई त्यांनी कधीच गमावली नाही. २००७ मध्ये कन्सोलवरचे बहुतेक शूटर, म्हणजे बंदुकीने लढण्याचे गेम, सेकंदाला ३० फ्रेमवर (चित्रांवर) चालत होते, त्याच वर्षीचा 'हेलो ३' सुद्धा. 'मॉडर्न वॉरफेअर'ने चित्राची सुबकता थोडी कमी करून ६० फ्रेम साधल्या. बटण दाबणे आणि गोळी सुटणे यांत जे अंतर जाणवते ते त्यामुळे अर्ध्यावर आले. डावा ट्रिगर दाबला की बंदूक डोळ्यापाशी येते, कंट्रोलरवर नेम हलकेच शत्रूकडे ओढला जातो, गोळी लागल्याची खूण क्षणभर चमकते. हे सगळे इतक्या कसबाने बसवलेले आहे की आज कोणताही स्टुडिओ शूटर बनवायला घेतो तेव्हा नेमबाजीची तुलना याच गेमशी होते. आपल्या मित्रांना जे आवडते ते बहुतांशी हेच आहे, आणि त्यांची आवड खोटी नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. हा गेम माझ्या हातात बंदूक देतो आणि बाकीचे सगळे निर्णय स्वतःकडे ठेवतो. त्याचे कॅम्पेन म्हणजे सहल कंपनीच्या बसने केलेली अष्टविनायक यात्रा आहे : आठही गणपती घडतात, वेळेवर घडतात, जेवणही चांगले असते, पण कुठे थांबायचे आणि किती वेळ थांबायचे हे चालक ठरवतो. सोबतचा अधिकारी पुढे चालतो, तोच दार उघडतो, त्याने दार उघडेपर्यंत मी त्याच्या पाठीमागे ताटकळत उभा राहतो. मालिकेच्या पुढच्या भागांत तर त्याच्या डोक्यावर 'फॉलो' अशी पाटीच तरंगताना दिसते. वाट सोडून बाजूच्या गल्लीत शिरलो तर तिथे काही नसते, किंवा मला मागे फिरण्याची ताकीद मिळते.

ही रचना आतून कशी चालते ते एका प्रसंगावरून सांगतो, कारण बहुतेक खेळाडूंना ती जाणवते पण दिसत नाही. सुरुवातीच्या अनेक भागांत, विशेषतः अवघड पातळीवर, असा एखादा रस्ता येतो जिथे समोरच्या इमारतीतून शत्रू गोळीबार करत असतात. आपण आडोशाला बसतो, नेम धरून एकेकाला टिपतो, आणि आता रस्ता मोकळा झाला असे समजून उठतो, तोच त्याच दरवाजातून तसाच आणखी एक सैनिक धावत येऊन त्याच खिडकीपाशी उभा राहतो. त्याला मारले की आणखी एक. त्या दारामागे सैन्य नसते. तिथे एक बिंदू असतो, जो ठरावीक संख्या कमी झाली की नवा सैनिक जन्माला घालतो. हा बिंदू बंद होतो तो आपण रस्त्यात आखलेली एक अदृश्य रेषा ओलांडली की. म्हणजे सावधपणे, हुशारीने, नेम धरून खेळणाऱ्याला हा गेम शिक्षा देतो आणि डोळे मिटून पुढे धावणाऱ्याला बक्षीस देतो. २००८ च्या 'वर्ल्ड ॲट वॉर'मध्ये, जो 'ट्रेआर्क' या दुसऱ्या स्टुडिओने बनवला, सर्वांत कठीण पातळीवर आडोशाला बसलेल्यावर हातबॉम्बचा अक्षरशः पाऊस पडतो, तोही त्याला पुढे हुसकावण्यासाठीच. आम्हा लेव्हल रचणाऱ्यांना अशा अदृश्य रेषा रोज वापराव्या लागतात, त्यांत लाज वाटण्यासारखे काही नाही. आक्षेप आहे तो खेळाडूने केलेल्या कृतीचा जगावर काहीही परिणाम न होण्याला. मी मारलेले दहा सैनिक आणि न मारलेले दहा सैनिक यांत फरकच उरत नसेल, तर मी गोळी का झाडतो आहे?

याच्या शेजारी २००१ च्या पहिल्या 'हेलो'मधील 'सायलेंट कार्टोग्राफर' ही लेव्हल ठेवून पाहावी. आपण एका बेटाच्या किनाऱ्यावर उतरतो, लढाई होते, एक उघडी गाडी मिळते, आणि त्यानंतर बेटाला डावीकडून वळसा घालायचा की उजवीकडून, हे कुणीही सांगत नाही. शत्रूच्या तुकडीतला मोठा नायक आधी पाडला तर त्याचे छोटे शिपाई घाबरून सैरावैरा पळतात. आधी शिपाई टिपले तर तो नायक अंगावर येतो. तीच जागा, तेच शत्रू, पण दोन खेळाडूंच्या तोंडून तिची दोन वेगळी वर्णने ऐकू येतात. 'मॉडर्न वॉरफेअर' खेळलेल्या दहा जणांना त्यांची आवडती लढाई विचारली, तर दहाही जण एकच गोष्ट सांगतात, कारण ती गोष्ट त्यांनी घडवलेली नसते.

आपोआप भरणाऱ्या हेल्थचा, म्हणजे खेळाडूच्या शिल्लक जिवाचा, मुद्दा यालाच जोडून येतो. पहिल्या 'कॉल ऑफ ड्यूटी'त औषधाच्या पेट्या शोधाव्या लागत. २००५ च्या दुसऱ्या भागापासून आडोशाला काही सेकंद शांत बसले की प्रकृती पूर्ववत होऊ लागली. याचे फायदे मोठे आहेत. प्रत्येक लढाईच्या सुरुवातीला खेळाडूची ताकद किती असेल हे रचनाकाराला ठाऊक असते, त्यामुळे कोणी अडकून पडत नाही. परंतु यातून एक लय तयार होते : डोके वर काढा, दोघांना मारा, पडदा लाल झाला की खाली बसा, श्वास सावरा, पुन्हा डोके वर काढा. तीच लय सहा-सात तास चालते. २०१६ च्या 'डूम'ने हा नियम मुद्दाम उलटा केला. तिथे शत्रूला घायाळ करून अगदी जवळ जाऊन संपवले की त्याच्यातून हेल्थ मिळते, म्हणजे मरायला टेकलेल्या खेळाडूला लपण्याऐवजी गर्दीत घुसावे लागते, आणि कोणाकडे घुसायचे हे ठरवावे लागते. दोन्ही गेम अतिशय हिंसक आहेत, पण डोक्याला काम फक्त एकातच आहे. आपल्याला आलेला कंटाळा बहुधा या लयीचा असावा.

आता कथेकडे येतो. खेळाडूच्या हातून ताबा काढून घेणे हे मुळातच वाईट आहे, असे माझे म्हणणे नाही. २००७ च्या गेममध्ये अणुस्फोटानंतर आपण कोसळलेल्या हेलिकॉप्टरमधून सरपटत बाहेर येतो, काही पावले अडखळत टाकतो, आणि मरतो. तिथे करण्यासारखे काहीच नसते आणि तेच सांगायचे असते. नेहमी जिंकणाऱ्या नायकाच्या जागी बसवलेल्या खेळाडूला इतके असहाय करणे तेव्हा फार धाडसाचे होते. त्याच गेममधील 'ऑल गिलीड अप' हे निर्मनुष्य प्रिप्यात शहरातले मिशनही तितकेच कसलेले आहे. शत्रूची रांग आणि चिलखती वाहने अंगावरून जाईपर्यंत गवतात निपचित पडून राहायचे, हा शूटरमध्ये न झाडलेल्या गोळीचा प्रसंग आहे. वाट तिथेही आखलेलीच आहे, पण कधी हलायचे हे निदान आपल्या जिवावर बेतलेले असते. माझ्या मते ही मालिका यापेक्षा वर कधी गेली नाही.

पुढे मात्र त्या धक्क्याचीच सवय झाली. 'मॉडर्न वॉरफेअर २' मध्ये आपण ज्यांच्या डोळ्यांनी पाहतो अशी तीन माणसे आपल्याच नजरेसमोर मारली जातात : विमानतळावरचा छुपा हेर, पुढे आपल्याच सेनापतीने गोळी घातलेला सैनिक, आणि अंतराळ स्थानकाबाहेर तरंगणारा अंतराळवीर, ज्याच्या वाट्याला जेमतेम काही क्षण येतात. पहिल्यांदा छातीत धस्स होते. तिसऱ्यांदा खेळाडू मनात म्हणतो, हाही गेला.

यातल्या विमानतळाच्या मिशनबद्दल, 'नो रशियन'बद्दल, फार लिहिले गेले आहे. दहशतवाद्यांच्या टोळीत शिरलेला हेर म्हणून आपण निःशस्त्र प्रवाशांच्या गर्दीतून चालत जातो. ते वगळण्याची मुभा गेम देतो. रशियातल्या पीसी आवृत्तीतून ते काढून टाकण्यात आले, आणि जर्मनी व जपानमधील आवृत्त्यांत प्रवाशांवर गोळी झाडली की मिशन फसते. बहुतेक टीका त्यातील क्रौर्यावर झाली. मला खटकते ते वेगळे आहे. आपण एकही गोळी झाडली नाही तरी चालते, सगळ्या गोळ्या झाडल्या तरी चालते, टोळीच्या म्होरक्यावर झाडली तर मात्र मिशन फसले असे सांगून मागे नेले जाते, आणि काहीही केले तरी शेवटी तो म्होरक्या आपल्याला ठार मारतो. एवढा भयानक प्रश्न खेळाडूसमोर ठेवायचा आणि त्याच्या उत्तराची नोंदही घ्यायची नाही, याला मी धाडस म्हणत नाही. २०१४ च्या 'ॲडव्हान्स्ड वॉरफेअर'मध्ये मित्राच्या शवपेटीपाशी उभे राहिल्यावर श्रद्धांजली वाहण्यासाठी पीसीवर 'एफ' दाबा अशी सूचना येते, तेव्हा या वृत्तीने टोक गाठले. दुःखसुद्धा गेमने ठरवलेले, आपण फक्त कळ दाबायची. आज मराठी मुलेही चॅटमध्ये कुणाचे काही बिघडले की थट्टेने नुसते 'एफ' लिहितात, ते इथूनच आले आहे.

२०१९ च्या नव्या 'मॉडर्न वॉरफेअर'मध्ये या बंदिस्तपणाची किंमत इतिहासाला मोजावी लागली. १९९१ च्या फेब्रुवारीत कुवेतमधून बसऱ्याकडे माघार घेणाऱ्या इराकी ताफ्यांवर अमेरिकेच्या नेतृत्वाखालील फौजांच्या विमानांनी हल्ले केले, आणि तो रस्ता 'हायवे ऑफ डेथ' म्हणून ओळखला जाऊ लागला. गेमने तेच नाव एका काल्पनिक देशातल्या रस्त्याला दिले आणि तो बॉम्बहल्ला रशियनांनी केला असे पात्राच्या तोंडी घातले. काल्पनिक देशात काहीही घडू शकते, हे मान्य. पण खरे नाव उचलून कर्ता बदलला, तर तो निर्णय झाला, आणि ज्या गेममध्ये खेळाडूला थांबून इकडेतिकडे पाहण्याचीही फुरसत नाही, तिथे तो निर्णय विनाप्रश्न गळी उतरतो.

मल्टिप्लेअरबद्दल थोडक्यात. २००७ च्या गेमने सलग तीन जणांना मारल्यावर रडार, पाचांवर हवाई हल्ला आणि सातांवर हेलिकॉप्टर देण्याची प्रथा पाडली. २००९ मध्ये हेलिकॉप्टरने मारलेली माणसेही पुढच्या बक्षिसात धरली जाऊ लागली, आणि सलग २५ जणांना मारणाऱ्याला अण्वस्त्र मिळून सामनाच संपू लागला. जो जिंकतो आहे त्याला आणखी बळ मिळते आणि नवखा उघड्यावर जन्म घेऊन आकाशातून मरतो. २०१० च्या 'ब्लॅक ऑप्स'ने बक्षिसातून बक्षीस मिळण्याची ही साखळी तोडली, यावरून निर्मात्यांनाही ती खटकली असावी. याउलट 'काउंटर-स्ट्राइक'मध्ये हरणाऱ्या संघाला फेरीगणिक वाढते पैसे मिळतात, १४०० पासून ३४०० पर्यंत, म्हणजे तो पुन्हा उभा राहू शकतो. पुण्या-मुंबईच्या सायबर कॅफेंत 'काउंटर-स्ट्राइक'च्या 'डस्ट २' या नकाशावर वाढलेल्या पिढीला 'कॉल ऑफ ड्यूटी' उथळ वाटतो, त्यामागे नुसता जुन्याचा अभिमान नाही. तिथे मेल्यावर फेरी संपेपर्यंत मुकाट बसून आपण कुठे चुकलो हे पाहावे लागते. इथे काही सेकंदांत नवा जन्म मिळतो, पडद्यावर गुणांचा आकडा उडतो, बंदुकीला नवी दुर्बीण लागते, आणि ५५ व्या पातळीनंतर कन्सोलवर सगळे सोडून देऊन पुन्हा पहिलीपासून चढण्याचा मान मिळतो. दिवसभराच्या कामानंतर अर्धा तास डोके बाजूला ठेवायचे असेल, तर ही व्यवस्था उत्तम आहे. आपल्याला डोके बाजूला ठेवायचे नसेल, तर ती रिकामी वाटणारच.

तेव्हा आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की, मळमळ आणि नेटवर्क ही कारणे नसतील तर आपल्या हातात दोष नाही, आणि मित्रांच्या आवडीतही नाही. ते नेमबाजीसाठी खेळतात, आपण निर्णयांसाठी खेळू पाहता. हे त्यांना समजावून सांगताना 'हा गेम वाईट आहे' असे म्हणू नये. ते खरेही नाही, आणि त्यातून वादच होतो.

आपण शूटरच सोडून द्यावेत असे मात्र मला वाटत नाही. 'इन्फिनिटी वॉर्ड'चे दोन्ही प्रमुख २०१० मध्ये मालिकेची प्रकाशक कंपनी 'ॲक्टिव्हिजन'शी झालेल्या वादानंतर बाहेर पडले आणि त्यांनी 'रिस्पॉन' हा स्टुडिओ उभारला. त्यांचा 'टायटनफॉल २' ऑक्टोबर २०१६ मध्ये 'बॅटलफिल्ड १' आणि नव्या 'कॉल ऑफ ड्यूटी' यांच्या बरोबर मधल्या आठवड्यात आला आणि विक्रीत चेंगरला. हेल्थ तिथेही आपोआप भरते, वाटही बऱ्यापैकी आखलेली आहे, परंतु भिंतींवरून धावता येत असल्याने प्रत्येक खोलीत शिरण्याचा मार्ग आपला असतो, आणि 'इफेक्ट अँड कॉज' या मिशनमध्ये एकाच इमारतीच्या दोन काळांत क्षणात ये-जा करत लढताना कोणत्या काळात गोळी झाडायची आणि कोणत्या काळात पळायचे हे सतत ठरवावे लागते. नेमबाजीचे तेच जुने कसब आणि त्यावर निर्णयांची मोकळीक, असा हा मेळ आहे. आधी तो घ्यावा. सेलमध्ये तो फार स्वस्तात मिळतो.

मालिकेतला नवा भाग घेण्याबद्दल माझा सल्ला नकाराचा आहे. मित्रांसोबत खेळायचेच असेल, तर याच मालिकेतला 'वॉरझोन' हा ऑनलाइन गेम मोफत आहे, तेवढ्यावर भागवावे. मात्र डिस्कवर जागा आधी पाहावी, कारण २०१९ चा गेम आणि 'वॉरझोन' मिळून एके काळी २०० जीबीच्या वर गेले होते. आणि तरीही मोह आवरला नाही, तर स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानातून विकत घ्यावा, पहिल्या बैठकीत थेट कॅम्पेन सुरू करावे आणि घड्याळावर लक्ष ठेवावे : खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि एकूण खेळ दोन तासांपेक्षा कमी झालेला असताना अर्ज केला, तर पैसे परत मिळतात.